विश्लेषण : निलंग्यात उन्हाळ्यात उडणारी धूळ येते कुठून आणि जाते कुठे?

हरभरा निघाला, तुरीची रास झाली की निलंगा, औराद शहाजानी, कासार सिरसी भागातली शिवारे उघडी पडतात. फेब्रुवारीअखेरीपासून मृगाच्या पावसापर्यंत दुपारी वारा सुटला की गाडीवाटेचा फुफाटा उठतो. सकाळी पुसलेल्या ओट्यावर संध्याकाळी पुन्हा थर दिसतो. सौरपंपाच्या पाट्या करड्या पडतात, रस्त्याकडेचा भाजीपाला मळकट होतो आणि दमेकऱ्यांचा त्रास वाढतो. ही धूळ आपल्याच रानातली की राजस्थान, पाकिस्तान, अरबस्तानातून आलेली? तिचा पावसाशी काही संबंध आहे का? आणि ती कमी करता येते का?

धूळ म्हणजे नेमके काय?

वाऱ्याने उडणाऱ्या धुळीत परागकण, धूर, काजळी, मीठ असे बरेच काही असते. मात्र तिचा मोठा भाग खनिजांचा, म्हणजे खडक झिजून तयार झालेल्या मातीच्या कणांचा असतो. शास्त्रज्ञ तिला खनिज धूळ म्हणतात.

कणांचा आकार मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. ६३ मायक्रॉनपेक्षा मोठा कण वाळूत मोडतो, २ ते ६३ मायक्रॉनचा कण गाळात आणि त्याहून बारीक कण चिकणमातीत. दूरचा प्रवास करते ती मुख्यतः गाळाच्या बारीक भागाची आणि चिकणमातीची धूळ.

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे २०० कोटी टन वाळू आणि धूळ वातावरणात मिसळते. हा प्रश्न देशांच्या सीमा ओलांडणारा असल्याने १२ जुलै हा दिवस वाळू आणि धूळवादळांविरोधी आंतरराष्ट्रीय दिन म्हणून पाळला जातो. २०२५ ते २०३४ हे दशकही याच विषयाला वाहिलेले आहे.

वारा माती उचलतो कसा?

कण जितका बारीक तितका तो सहज उडेल, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात अगदी बारीक कण एकमेकांना चिकटून बसतात. ते सुटे करायला नुसता वारा पुरत नाही. वाऱ्याला उचलायला सर्वांत सोपे असतात ते साधारण ७० ते १०० मायक्रॉनचे, म्हणजे बारीक वाळूएवढे कण.

वाऱ्याने ठरावीक वेग ओलांडला की हे कण जमिनीवरून उड्या मारू लागतात. एक कण वर उडतो, थोडे अंतर पुढे जातो आणि गोळीसारखा जमिनीवर आदळतो. त्या धक्क्याने चिकटलेले बारीक कण फुटून सुटे होतात आणि हवेत जातात. मोठे खडे मात्र जमिनीवरूनच घरंगळत राहतात. वाळूच्या या हालचालीचे गणित राल्फ बॅग्नॉल्ड या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने लिबिया-इजिप्तच्या वाळवंटात फिरून मांडले. १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे पुस्तक आजही या विषयाचा पाया मानले जाते.

त्यातला एक नियम शेतकऱ्याच्या उपयोगाचा आहे. उचलण्याची मर्यादा ओलांडल्यावर वाऱ्याची माती वाहून नेण्याची ताकद साधारणपणे वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. वारा दुप्पट झाला तर ताकद आठपट होते, निम्मा झाला तर एक अष्टमांश उरते. त्यामुळे जमिनीलगतचा वारा थोडा जरी अडवला, तरी मातीची उडण बरीच घटते.

काळी माती चिकट असते, मग ती उडते कशी?

मराठवाड्याची काळी माती दख्खनच्या पठारावरील बेसाल्ट म्हणजे काळा पाषाण झिजून तयार झाली. हा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थराथराने पसरला. या मातीत चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. चिकणमातीच कणांना बांधून ठेवते, त्यामुळे मूळ अवस्थेतली काळी जमीन वाळवंटातल्या वाळूसारखी सहज उडत नाही.

मृदाशास्त्रात एक ठोकताळा आहे. ०.८४ मिलिमीटरपेक्षा मोठा मातीचा दाणा किंवा ढेकूळ सहसा वाऱ्याला दाद देत नाही. जुन्या पद्धतीत रब्बी निघाल्यावर रान नांगरून मोठमोठी ढेकळे तापत ठेवली जात. वळवाच्या सरीने ती फुटली की मग कुळवाच्या पाळ्या देत. ढेकळांमुळे जमीन खडबडीत राही. वारा अडे, माती तापून किडीचे कोष मरत आणि पहिला पाऊस भेगांतून थेट खाली मुरे.

आता ट्रॅक्टरवरचे रोटाव्हेटर एका पाळीत ढेकळांचे पीठ करते. पेरणीच्या तोंडावर, ओल असताना ते चालवले तर फारसे बिघडत नाही. पण मार्च-एप्रिलमध्ये कोरड्या रानात चालवले, तर निसर्गाने बांधलेले दाणे फुटतात आणि दोन-अडीच महिने ती भुकटी उघड्यावर पडून राहते. हेच काम गाडीवाटेवर चाके करतात. ट्रॅक्टर, टिप्पर, उसाच्या गाड्या त्याच त्या मातीवरून जाऊन तिचा फुफाटा करतात. तो उडायला वादळ लागत नाही, मागून येणारी दुचाकीही पुरते.

आटलेले तलाव हा आणखी एक स्रोत. मध्य आशियातला अरल समुद्र आटला आणि त्याच्या तळातून खारी धूळ उडू लागली. इराण-अफगाणिस्तान सीमेवरील सिस्तानमध्ये तळी कोरडी पडली की उन्हाळ्यातले ‘१२० दिवसांचे वारे’ तळाचा गाळ उडवतात. आपल्याकडे एवढे मोठे तळ नाहीत. पण २०१६ च्या दुष्काळात मांजरा धरण कोरडे पडले होते आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा वर्षी पाणी, पीक आणि ओल तिन्ही एकदम जातात. जमिनीवर मातीला धरून ठेवणारे काहीच उरत नाही.

निलंग्याच्या आकाशात धूळ किती वाटांनी येते?

ढोबळमानाने तीन वाटा आहेत.

पहिली वावटळ. भर दुपारी तापलेल्या रानावरची हवा वेगाने वर जाते आणि फिरू लागते. वावटळ काही मिनिटांत विरते, पण पाचोळा आणि बारीक माती उंच नेते.

दुसरी वळवाचे वादळ. एप्रिल-मेमध्ये उंच ढगातून पाऊस पडू लागला की त्याचे थेंब खालच्या कोरड्या हवेत वाटेतच सुकतात. त्यामुळे हवा थंड आणि जड होऊन जमिनीवर कोसळते आणि चहूकडे पसरते. पावसाआधी येणारा गार वाऱ्याचा झोत तो हाच. उघड्या रानावरून जाताना त्याच्या तोंडाशी धुळीची भिंत तयार होते. १३ मे २०२४ रोजी मुंबईत असेच धुळीचे वादळ आले. त्यात घाटकोपरचा फलक कोसळून १७ जणांचा बळी गेला. २ मे २०१८ रोजी उत्तर प्रदेश आणि राजस्थानातील वादळांत शंभराहून अधिक माणसे दगावली.

तिसरी वाट लांबची. थरचे वाळवंट, सिंध-बलुचिस्तानचा किनारा, इराण आणि अरबस्तानात उठलेली धूळ वरच्या वाऱ्यांवर स्वार होऊन येते. ती ढगासारखी दिसत नाही. आकाश पांढुरके होते, सूर्य निस्तेज दिसतो आणि दूरचे डोंगर धूसर होतात. गावात उठणारा लोट बहुधा पहिल्या दोन वाटांचा असतो. वारा नसतानाही दिवसभर टिकणारे पांढुरकेपण लांबच्या धुळीचे असू शकते. मात्र धूर आणि दमट हवाही असेच दृश्य निर्माण करतात.

लांबची धूळ महाराष्ट्रात खरोखर पोहोचते का?

पोहोचते. २३ जानेवारी २०२२ चा रविवार अनेकांना आठवत असेल. पश्चिमी झंझावाताबरोबर पाकिस्तानात उठलेले धुळीचे लोट कराची, गुजरात करत उत्तर कोकणात आले. मुंबई-पुण्यात गाड्यांवर पांढरट भुकटी साचली, दृश्यमानता घटली आणि मुंबईतील काही केंद्रांवर हवेचा दर्जा ‘अतिशय खराब’ श्रेणीच्याही पुढे गेला. ऐन हिवाळ्यातला दिवस आणखी गारठला. त्यात थंड वाऱ्यांचा वाटा होता, तसाच ऊन अडवणाऱ्या धुळीचाही.

कराची ते मुंबई हे सरळ अंतर पावणेनऊशे किलोमीटरच्या आसपास आहे. ताशी ३५-४० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याला त्यासाठी एक दिवस पुरतो. मुंबईहून निलंगा सरळ रेषेत आणखी सव्वाचारशे किलोमीटर आग्नेयेला आहे. तिथवर येताना धूळ पसरून विरळ होते आणि जड कण वाटेत गळून पडतात.

धूळ किती काळ हवेत राहते?

हे पूर्णपणे आकारावर ठरते. १०० मायक्रॉनचा कण दहा मीटर उंचीवरून अर्ध्या मिनिटाच्या आत खाली येतो. १० मायक्रॉनचा कण शांत हवेत सेकंदाला जेमतेम पाऊण सेंटिमीटर उतरतो. एक किलोमीटर उंचीवरून त्याला सुमारे दीड दिवस लागतो. एक मायक्रॉनच्या कणाला तेवढ्याच अंतरासाठी महिने लागतील. तो स्वतःहून पडण्याआधी बहुधा पाऊसच त्याला धुऊन खाली आणतो.

म्हणूनच वाटेवरचा फुफाटा शेजारच्या रानात पडतो, पण त्यातला सर्वांत बारीक भाग तालुक्याबाहेर, कधी राज्याबाहेर जातो. उपग्रहांमुळे हा प्रवास आता दिसतो. इन्सॅट मालिकेतील आणि इतर देशांचे उपग्रह धुळीचे पट्टे टिपतात. त्यावरून हवामान विभागाला एक-दोन दिवस आधी इशारा देता येतो.

धुळीचा पावसाशी काय संबंध?

संबंध आहे, पण तो एकेरी नाही.

२०१४ मध्ये ‘नेचर जिओसायन्स’ या नियतकालिकात व्ही. विनोज आणि सहकाऱ्यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. उत्तर आफ्रिका, पश्चिम आशिया आणि अरबी समुद्रावरची धूळ सूर्याची उष्णता शोषते. तिथली हवा तापते, समुद्रावरून येणारे बाष्पाचे वारे जोर धरतात आणि साधारण आठवडाभरात मध्य भारतातला पाऊस वाढतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे ज्या अरबस्तानी धुळीने आकाश धूसर होते, तीच मान्सूनला हातभारही लावू शकते. हा परिणाम मोठ्या प्रदेशाच्या सरासरीत दिसतो. त्यावरून एखाद्या तालुक्याच्या पावसाचा अंदाज बांधता येत नाही.

ढगाच्या आतही धुळीचे काम चालते. शुद्ध पाण्याचा सूक्ष्म थेंब शून्याखाली ३८ अंशांपर्यंत गोठत नाही. खनिज धुळीचा कण मिळाला की तो त्याच्याआधी बराच, शून्याखाली १५-२० अंशांच्या सुमारासही गोठू लागतो. बर्फाचे कण वाढतात, वितळतात आणि पाऊस होऊन पडतात. याचा अर्थ धूळ उडाली की गारपीट होते असा नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्याने अनुभवली तशी गारपीट व्हायला भरपूर बाष्प आणि हवेचा जोरदार उर्ध्व प्रवाह लागतो. धूळ हा त्यातला एक घटक असतो.

दुसरी बाजू अशी की हवेत बारीक कण फार झाले तर तेवढेच बाष्प असंख्य लहान थेंबांत वाटले जाते आणि थेंब पडण्याएवढे मोठे होत नाहीत. कण आणि पाऊस यांचे हेच नाते तपासण्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात शेजारच्या सोलापूर भागात कृत्रिम पावसाचे प्रयोग केले. योग्य ढगांत बाष्प खेचणारे क्षारकण सोडल्यावर पावसात सरासरी १८ टक्के वाढ दिसल्याचे संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नंतर प्रसिद्ध केले. कोणते कण, किती आणि कोणत्या ढगात, यावर सारे अवलंबून असते.

मग सगळी धूळ वाईटच का?

नाही. सहारातली धूळ दरवर्षी अटलांटिक ओलांडून दक्षिण अमेरिकेत जाते. नासाच्या उपग्रह नोंदींवर आधारित २०१५ च्या अभ्यासानुसार त्यातली सुमारे २ कोटी ७७ लाख टन धूळ ॲमेझॉनच्या खोऱ्यात पडते. तिच्याबरोबर जवळपास २२ हजार टन स्फुरद जाते. पावसाने वाहून जाणाऱ्या स्फुरदाची ती भरपाई ठरते. समुद्रात पडलेल्या धुळीतले लोह सूक्ष्म वनस्पतींना मिळते आणि माशांची अन्नसाखळी त्यांच्यावरच उभी असते.

हिमालयात मात्र हीच धूळ नुकसान करते. बर्फावर ती बसली की पांढरा पृष्ठभाग मळतो, ऊन जास्त शोषतो आणि लवकर वितळतो.

स्फुरदाच्या हिशेबातून निलंग्याच्या शेतकऱ्यालाही एक गोष्ट कळते. धुळीबरोबर खत जाते. वारा सगळी माती सारखी उचलत नाही. सेंद्रिय कर्ब आणि अन्नद्रव्ये ज्याला चिकटलेली असतात तो सर्वांत बारीक भाग तो निवडून नेतो. एका हेक्टरवरून फक्त एक मिलिमीटर थर गेला तरी दहा घनमीटर, म्हणजे सुमारे १२-१३ टन माती जाते. एवढा पातळ थर गेलेला डोळ्यांना कळत नाही आणि तो पुन्हा तयार व्हायला अनेक दशके लागतात.

पिके आणि माणसांवर काय परिणाम होतो?

पानावर धूळ बसली की ऊन कमी मिळते आणि पर्णरंध्रे झाकली जातात. धुळकट, कोरड्या पानांवर लाल कोळी झपाट्याने वाढतो. कच्च्या रस्त्याकडेच्या वांगी, भेंडीच्या ओळी आधी खराब होतात त्याचे हेही एक कारण आहे. सौरपंपाच्या पाट्या धुळीने माखल्या की वीज कमी बनते आणि नेमके उन्हाळ्यात पाणी कमी ओढले जाते. पाट्या सकाळी लवकर, थंड असताना पाण्याने धुणे हा साधा उपाय आहे.

माणसांसाठी १० मायक्रॉनपेक्षा बारीक कण महत्त्वाचे. ते नाकातून पुढे जातात. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण फुप्फुसांत खोलवर पोहोचतात. दमा, जुना खोकला, हृदयविकार असलेल्यांना, लहान मुलांना आणि मळणी यंत्र, खडी केंद्र, वीटभट्टी, रस्त्याच्या कामावर असणाऱ्यांना धोका जास्त. भारतीय मानकानुसार १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचे प्रमाण २४ तासांच्या सरासरीत घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा ४५ आहे.

जानेवारी २०१९ मध्ये केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. त्यात मराठवाड्यातील लातूर, जालना आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) ही शहरे आहेत. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटच्या २०२४ च्या पाहणीनुसार या कार्यक्रमातील खर्चापैकी ६४ टक्के पैसा रस्त्यांवरील धूळ कमी करण्यावर गेला. पण हा कार्यक्रम शहरांपुरता आहे. मळणीच्या हंगामात शेतमजूर बाई दिवसभर जी धूळ गिळते, ती या हिशेबात येत नाही.

अमेरिकेने काय धडा घेतला?

१९२०च्या दशकात अमेरिकेच्या मध्य मैदानांत ट्रॅक्टर आले. हजारो वर्षांचे गवत उखडून गहू पेरला गेला. १९३० नंतर सलग दुष्काळ पडला आणि नांगरलेली उघडी जमीन उडू लागली. १४ एप्रिल १९३५ या ‘काळ्या रविवारी’ भर दिवसा अंधार झाला. लाखो लोकांना घरेदारे सोडावी लागली. मृदाशास्त्रज्ञ ह्यू बेनेट यांनी पाठपुरावा केला आणि त्याच महिन्यात मृदा संधारणाचा कायदा झाला. पुढच्या काही वर्षांत शेतांच्या कडेने २० कोटींहून अधिक झाडे लावली गेली. दुष्काळ तिथे पूर्वीही पडत होते. या वेळी फरक एवढाच होता की जमिनीवर पांघरूण राहिले नव्हते.

निलंगा परिसरात काय करता येईल?

पहिला उपाय बिनखर्ची आहे. रोटाव्हेटरची पाळी कोरड्या उन्हाळ्यात न देता पहिल्या पावसानंतर द्यावी. नांगरट करायचीच असेल तर ढेकळे तशीच ठेवावीत. धूळपेरणी करणाऱ्यांनी तर रान आधीच भुकटी करून ठेवू नये. पाऊस लांबला तर बियाण्याबरोबर मातीही जाते.

दुसरा उपाय पांघरुणाचा. सोयाबीनचा भुसा, हरभऱ्याचे बुडखे, उसाचे पाचट जाळण्याऐवजी रानात राहिले तर वारा जमिनीला टेकत नाही आणि ओलही टिकते. अर्थात भुसा जनावरांना लागतो आणि विकलाही जातो. त्यामुळे सगळा नाही, तरी काही भाग ठेवणे व्यवहार्य ठरते.

तिसरा उपाय झाडांचा. वाऱ्याला आडवी लावलेली झाडांची ओळ तिच्या उंचीच्या साधारण दहा ते पंधरा पट अंतरापर्यंत वारा मंदावते. आपल्याकडे उन्हाळ्यातला जोराचा वारा बहुधा पश्चिम-वायव्येचा, म्हणून पश्चिमेचा धुरा महत्त्वाचा. अडचणही खरी आहे. सावलीत आणि मुळांच्या टापूत पीक मार खाते, आणि धुऱ्यावरचे झाड म्हटले की शेजाऱ्याशी वाद होतो. शेवगा, हादगा यांसारखी विरळ सावलीची झाडे आणि दोन्ही शेतकऱ्यांच्या संमतीने लावलेली सामाईक ओळ हा त्यातला मध्यम मार्ग.

चौथे काम ग्रामपंचायतीचे. पांदण रस्त्यांवर मुरूम टाकून दबाई करणे, गाळ आणि खडी वाहणाऱ्या टिप्परवर ताडपत्री सक्तीची करणे, शाळेजवळच्या वाटेवर उन्हाळ्यात पाणी मारणे यासाठी मोठा निधी लागत नाही. तलावातून काढलेला गाळ शेतात पसरल्यावर तो वखरून मातीत मिसळला तरच टिकतो. तसाच पडून राहिला तर जूनपूर्वीच त्यातला बराचसा उडून जातो.

धुळीच्या दिवसांत दारे-खिडक्या लावून घेणे, ओल्या फडक्याने पुसणे, बाहेर कामाला जाताना एन-९५ मुखपट्टी किंवा किमान दुहेरी ओला रुमाल वापरणे आणि दमेकऱ्यांनी औषध जवळ ठेवणे एवढी काळजी घरोघरी घेता येते. कराचीहून येणारी धूळ निलंग्यात थांबवता येणार नाही. स्वतःच्या रानातून उठणारी मात्र येते, आणि त्याचा निर्णय हरभरा निघाल्यावर ट्रॅक्टरवाल्याला फोन करतानाच होतो.